काडीसारखे पाय अन् घणासारखा ठोसा : लोहारकाम करणारा बॉब फिट्झसिमन्स तीन वजनगटांत जगज्जेता कसा झाला?

जिममध्ये जाणाऱ्या पोरांना एक टोमणा हमखास ऐकावा लागतो. छाती कमावली, दंड कमावले, पण पाय मात्र कोंबडीचे. मग त्याखाली कुणीतरी ज्ञान देतं की लेग डे चुकवणाऱ्याच्या ठोशात दम नसतो, कारण ठोसा हातातून नाही तर पायातून येतो. लगेच दुसरा कुणीतरी सडपातळ पायांच्या एखाद्या बॉक्सरचा फोटो टाकतो आणि विचारतो, मग याचं काय?

हा वाद आजचा नाही, सव्वाशे वर्षं जुना आहे. आणि तो ज्या माणसावरून पेटला त्याचं नाव बॉब फिट्झसिमन्स. खांदे लोहाराचे, पाठ बैलासारखी आणि कमरेखाली दोन काड्या. रिंगमध्ये कपडे उतरवले की लोक आधी हसायचे. नंतर समोरचा गडी आडवा झाला की तेच लोक गप्प व्हायचे.

वजन जेमतेम ७५-७६ किलो. तरीही हा माणूस हेवीवेट जगज्जेता झाला. त्याच्यापेक्षा हलका हेवीवेट जगज्जेता आजवर झालेला नाही. तीन वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता होणारा तो जगातला पहिला बॉक्सर. त्याची गोष्ट वाचली की पायांचा आणि ठोशाचा नेमका संबंध काय, हेही आपोआप उलगडत जातं.

भात्यासमोर घडलेलं शरीर

रॉबर्ट फिट्झसिमन्सचा जन्म २६ मे १८६३ चा. गाव हेल्स्टन, इंग्लंडच्या अगदी नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधलं. वडील पोलिसात होते. घरात पोरांची रांग आणि बॉब त्यातला शेंडेफळ. तो दहाएक वर्षांचा असताना अख्खं कुटुंब बोटीत बसून न्यूझीलंडला गेलं आणि तिथल्या टिमारू या बंदराच्या गावात स्थायिक झालं. वडिलांनी तिथे लोहाराची भट्टी टाकली. पोरगा शाळेतून सुटला तो थेट भात्यासमोर उभा राहिला.

घोड्यांना नाल ठोकणं, लोखंड तापवणं, ऐरणीवर ठेवून घण मारणं, हे त्याचं पुढची कित्येक वर्षं रोजचं काम होतं. लोहारकामाने खांदे आणि पाठ कशी बनते ते कुणालाही कळतं. पण लोहाराला विचारा, घण हाताने मारतात का? नुसत्या हाताने घण मारणारा माणूस अर्ध्या तासात बसतो. घण उचलताना पाय रोवावे लागतात, कंबर वळवावी लागते, अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकावा लागतो. हात फक्त शेवटी घणाला दिशा देतो. बॉब हे दिवसातून शेकडो वेळा करत होता. ठोसा मारायची हीच रीत असते, हे त्याला पुढे रिंगमध्ये वेगळं शिकावं लागलं नाही.

१८८० च्या आसपास जेम मेस हा इंग्लंडचा नावाजलेला माजी विजेता न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला. जाईल त्या गावात तो हौशी पोरांच्या स्पर्धा भरवायचा. टिमारूमध्ये लोहाराचा हा सुकडा पोरगा उतरला आणि आपल्यापेक्षा जाडजूड गड्यांना हरवून जिंकला. तेव्हापासून भट्टी सुटायला लागली.

काही वर्षांनी तो ऑस्ट्रेलियात सिडनीला गेला. तिथे लॅरी फोली या माजी बॉक्सरचा आखाडा होता. त्या काळातले चांगले चांगले बॉक्सर तिथूनच घडले. बॉब तिथे लढत राहिला, जिंकत राहिला, कधी हरलाही. पण पैसा आणि नाव दोन्ही अमेरिकेत होतं. म्हणून १८९० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने सॅन फ्रान्सिस्कोची बोट पकडली.

पहिला किताब

तिथे पोहोचल्यावर वर्षभरही गेलं नाही. १४ जानेवारी १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये त्याची लढत लागली जॅक डेम्प्सीशी. हा डेम्प्सी म्हणजे १९२० च्या दशकात गाजलेला हेवीवेट डेम्प्सी नव्हे. हा त्याच्या आधीचा, मिडलवेटचा जगज्जेता. त्याला टोपणनावच पडलं होतं नॉनपरेल, म्हणजे ज्याला तोड नाही असा.

त्या दिवशी तोड निघाली. बॉबने त्याला पुन्हा पुन्हा खाली पाडलं. डेम्प्सी उठायचा, पुन्हा पडायचा. शेवटी शेवटी तर बॉबनेच त्याला आता पुरे कर म्हणून विनवलं, पण तो ऐकेना. तेराव्या राउंडला लढत संपली आणि टिमारूचा लोहार मिडलवेटचा जगज्जेता झाला.

अमेरिकन वर्तमानपत्रांना त्याच्या शरीराचं कोडं पडलं होतं. उंची जवळपास सहा फूट. लालसर केस, तेही लवकर विरळ झालेले. गोऱ्या कातडीवर तांबूस ठिपके. खांदे इतके रुंद की वरून बघितलं तर हेवीवेट वाटावा आणि खालून बघितलं तर लाइटवेट. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. बांबूवर उभं केलेलं लढाईचं यंत्र, अशा अर्थाच्या उपमा त्याला मिळाल्या.

मग ठोसा पायातून येतो की नाही?

इथे जरा थांबून मुद्दा समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

कल्पना करा, तुम्ही झोपाळ्यावर बसला आहात, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, आणि समोर उभ्या माणसाला ढकलायचं आहे. काय होईल? तो थोडा हलेल आणि तुम्ही मागे जाल. हाताची ताकद तेवढीच आहे, पण मागून आधार नाही. आता तेच काम जमिनीवर पाय रोवून करा. तुम्ही जमिनीला मागे रेटता, जमीन तुम्हाला पुढे रेटते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. ठोशाची सुरुवात या जमिनीच्या रेट्यापासून होते.

हा रेटा टाचेतून पोटरीत, मांडीतून कमरेत, कमरेच्या वळणातून पाठीत, खांद्यात आणि शेवटी मुठीत पोहोचतो. साखळीतली एक कडी हलली की पुढची हलते. यात वेळेचं गणित फार महत्त्वाचं आहे. कंबर आधी वळली आणि हात मागाहून आला, किंवा हात आधी गेला आणि पाय नंतर हलले, तर रेटा मधेच कुठेतरी वाया जातो.

१९८० च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या संशोधकांनी १२० बॉक्सरांच्या ठोशाचा अभ्यास केला होता. त्यात वरच्या दर्जाच्या बॉक्सरांच्या सरळ ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला, धडाच्या वळणाचा सुमारे ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के. नवख्या बॉक्सरांमध्ये मात्र पायांचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपासच होता. म्हणजे पाय दोघांनाही होते. फरक होता तो पाय वापरता येण्याचा.

फिट्झसिमन्सचं कोडं इथेच अर्धं सुटतं. पाय किती जाड आहेत हा एक प्रश्न, पायात किती ताकद आहे हा दुसरा, आणि ती ताकद मुठीपर्यंत किती पोहोचते हा तिसरा. लोक पहिला प्रश्न विचारतात आणि उत्तर तिसऱ्याचं देतात.

जाडी आणि ताकद यांचा संबंध नाहीच असं नाही. स्नायू जितका जाड तितकी त्याची जोर लावायची क्षमता साधारणपणे जास्त. पण डोळ्यांना आधी दिसते ती पोटरी. आणि पोटरीचा आकार बराचसा जन्मजात असतो. काहींचा स्नायू आखूड असतो आणि खाली टाचेपर्यंत लांब शीर असते, अशांची पोटरी कितीही व्यायाम केला तरी बारीकच दिसते. ठोशाला लागणारा मोठा जोर देणारे स्नायू वर असतात, मांडीत आणि नितंबात. शिवाय तो जोर किती पटकन लावता येतो यालाही महत्त्व आहे, कारण ठोसा सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात संपतो. दोनशे किलोचं वजन घेऊन सावकाश बैठक मारणारा गडी तेवढ्याच झपाट्याने जमीन रेटू शकेल असं नाही.

आणखी एक गोष्ट. पायाचं वजन मुठीबरोबर पुढे जात नाही. ते मागे जमिनीवरच राहतं. त्यामुळे नुसते पाय जड असून ठोसा जड होत नाही. उलट बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. पायांवर चढवलेला प्रत्येक किलो म्हणजे पाठीवर आणि खांद्यावर न चढवता आलेला किलो. बॉबच्या ७६ किलोंमधला बराचसा भाग कमरेच्या वर होता. पायांवर त्याने जेवढ्यास तेवढंच भांडवल गुंतवलं होतं.

ठोशाची किंमत

पण या ठोशाची एक काळी बाजूही होती. नोव्हेंबर १८९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूस शहरात बॉब प्रेक्षकांसमोर प्रदर्शनी लढत करत होता. समोर होता त्याचाच सरावाचा जोडीदार कॉन रिओर्डन. लुटुपुटूचीच लढत. बॉबचा एक ठोसा लागला, बघणाऱ्यांना तो फार जोराचाही वाटला नाही. पण रिओर्डन कोसळला, तो परत उठलाच नाही. काही तासांतच त्याचा जीव गेला.

बॉबवर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. १८९५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. पण जो माणूस डेम्प्सीला हात जोडून थांब म्हणत होता, त्याच्याच हातून मित्राचा जीव गेला ही गोष्ट कागदावरच्या निकालाने पुसली जाणारी नव्हती. ठोशाच्या ताकदीवर आज आपण मजेत वाद घालतो, तेव्हा समोरच्या माणसाच्या डोक्यापर्यंत काय पोहोचतं हेही लक्षात ठेवायला हवं.

नदीच्या वाळूवरची ९५ सेकंदं

आता त्याला हेवीवेटचा किताब हवा होता. तो होता जेम्स जे. कॉर्बेटकडे. पण त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बक्षिसासाठी ठोसेबाजी करणं बेकायदा होतं. टेक्सासमध्ये कॉर्बेट आणि फिट्झसिमन्सची लढत ठरतेय म्हटल्यावर तिथल्या गव्हर्नरने ऑक्टोबर १८९५ मध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून कायदा करून घेतला. लढत बारगळली. कॉर्बेटने आपण निवृत्त होतोय असं सांगत किताब पीटर मेहर या आयरिश बॉक्सरकडे सोपवल्याचं जाहीर केलं.

मग मेहर तर मेहर. पण लढायचं कुठे? टेक्सासचे रेंजर्स मागावर होते. अखेर लँगट्री नावाच्या आडगावी रॉय बीन हा न्यायाधीश पुढे आला. दारूच्या गुत्त्यातच न्यायालय चालवणारा हा वल्ली माणूस. त्याने तोड काढली. रिओ ग्रांदे नदीच्या पात्रात मेक्सिकोच्या हद्दीत वाळूचा पट्टा होता, तिथे रिंग बांधायची. टेक्सासचा कायदा तिथे लागू नाही आणि मेक्सिकोचे पोलीस येईपर्यंत सगळं उरकलेलं असेल.

२१ फेब्रुवारी १८९६ रोजी लोक रेल्वेने लँगट्रीत उतरले आणि पुलावरून वाळूत पोहोचले. रेंजर्स कड्यावर उभे राहून फुकटात लढत बघत होते. सगळा खटाटोप झाला आणि बॉबने मेहरला ९५ सेकंदांत झोपवलं. लढतीचं चित्रीकरण करायला आलेल्यांना ढगाळ हवेमुळे काही टिपताच आलं नाही.

त्याच वर्षी २ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टॉम शार्कीशी लढत झाली. रेफ्री होता वायट अर्प. हो, काउबॉय सिनेमांत दिसतो तोच बंदूकबाज. तो रिंगमध्ये आला तेव्हा त्याच्याकडे पिस्तूल होतं आणि पोलिसांनी ते आधी काढून घेतलं. बॉबची लढतीवर पूर्ण पकड होती. आठव्या राउंडला शार्की कोसळला आणि अर्पने जाहीर केलं की ठोसा कमरेखाली होता, म्हणून शार्की विजयी. दहा हजार डॉलर शार्कीला गेले. प्रेक्षक खवळले. बॉब कोर्टात गेला, पण मुळात असली लढतच कायद्यात बसत नसल्याने हाती काही लागलं नाही.

कार्सन सिटी, १७ मार्च १८९७

अखेर कॉर्बेट परत आला. नेवाडा राज्याने १८९७ च्या सुरुवातीलाच बॉक्सिंग कायदेशीर करून टाकलं आणि राजधानी कार्सन सिटीत उघड्यावर लाकडी मैदान उभं राहिलं.

आता या दोघांच्या पायांची तुलना बघा. कॉर्बेट हा बँकेत कारकुनी केलेला, नीटनेटका, देखणा गडी. १८९२ मध्ये त्याने बलदंड जॉन एल. सलिव्हनला एकवीस राउंड नाचवून हरवलं होतं. त्याच्या खेळाचा जीव पायातच होता. आत यायचं, ठोसा द्यायचा आणि समोरच्याला कळायच्या आत बाहेर. वजन सुमारे ८३ किलो. समोर बॉब, सात किलोंनी हलका, तीन वर्षांनी मोठा, आणि पाय पाहिले तर कुणी पैज लावू नये असे.

सुरुवात कॉर्बेटचीच होती. सहाव्या राउंडला त्याने बॉबला गुडघ्यावर आणलं. तोंड रक्ताने माखलेलं. बॉबची बायको रोझ रिंगजवळच होती आणि नवऱ्याला ओरडून धीर देत होती. पुढच्या राउंडमध्ये कॉर्बेट थोडा थोडा मंदावत गेला. जे पाय त्याची ढाल होते ते थकायला लागले. बॉबचे पाय फार नाचलेच नव्हते. तो सावकाश पाऊल टाकत होता आणि वाट बघत होता.

चौदाव्या राउंडला संधी मिळाली. उजव्या हाताने लढणारा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. डावा हात पुढे असतो, म्हणून तो वेगवान पण हलका. उजवा हात मागे असतो, म्हणून तो जड. बॉबने काय केलं, तर ठोसा मारता मारता उजवा पाय उचलून डाव्याच्या पुढे टाकला. एका पावलात अख्खी उभं राहायची पद्धत उलटी झाली. आता डावा हात मागचा हात झाला, त्याच्यामागे डावा पाय, डावी कंबर आणि सगळं धड आलं. समोरच्याला वाटतं की डाव्या हाताचा ठोसा हलकाच असणार, आणि येतो तो पूर्ण शरीराचा भार घेऊन. बॉक्सिंगमध्ये या चालीला आजही त्याच्याच नावाने फिट्झसिमन्स शिफ्ट म्हणतात.

हा डावा ठोसा कॉर्बेटच्या बरगड्यांच्या मधोमध, पोटाच्या वरच्या खळगीत बसला. तिथे आत, जठराच्या मागे, मज्जातंतूंचं जाळं असतं. त्याला सोलर प्लेक्सस म्हणतात. तिथे जोराचा मार बसला की श्वासपटल आखडतं आणि माणसाला श्वासच घेता येत नाही. शुद्ध असते, सगळं दिसत असतं, ऐकू येत असतं, पण शरीर ऐकत नाही. कॉर्बेट गुडघ्यावर आला, दोरीकडे सरपटला, रेफ्रीचे आकडे ऐकत राहिला. दहा झाले तरी त्याला उठता आलं नाही.

ज्याच्या पायांची सगळे टिंगल करत होते, त्याने एका पावलाने हेवीवेटचा किताब जिंकला. हातात ताकद होतीच, पण ती त्या जागी, त्या क्षणी पोहोचवली ती त्या काडीसारख्या पायांनी.

ही लढत इतिहासात आणखी एका कारणासाठी आहे. इनॉक रेक्टर याने ती पूर्णपणे चित्रित केली. शंभर मिनिटांहून मोठा हा चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आज त्याचे काही तुकडेच शिल्लक आहेत, पण २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला जागा मिळाली.

जिथे वजन जिंकलं

मग जाडी, वजन, आकार यांना काहीच अर्थ नाही का? आहे. आणि तेही बॉबच्याच आयुष्यात दिसतं.

९ जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला त्याची गाठ पडली जेम्स जे. जेफ्रीजशी. जेफ्रीज चोवीस वर्षांचा, वजन सुमारे ९३ किलो, मांड्या झाडाच्या खोडासारख्या. बॉब छत्तीस वर्षांचा आणि सतराएक किलोंनी हलका. बॉबचे ठोसे लागले, जेफ्रीजने ते पचवले. अकराव्या राउंडला बॉब पडला आणि किताब गेला.

२५ जुलै १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पुन्हा गाठ पडली. या वेळी बॉबने जेफ्रीजचा चेहरा अक्षरशः फाडून काढला. पण ठोसे मारता मारता त्याचेच हात मोडले. आठव्या राउंडला तो हरला.

यात एक धडा आहे. ठोसा तयार करण्यात कसब वजनावर मात करू शकतं, पण ठोसा झेलण्यात आणि धक्काबुक्कीत वजन बोलतं. रुंद, जड पाया असलेल्या माणसाला हलवणं अवघड. तो अंगावर रेलला तर हलक्या माणसाची दमछाक होते. शिवाय ठोशाचा जोर दोन्हीकडे सारखाच लागतो. जितका समोरच्याच्या हाडाला तितकाच आपल्या मुठीला. पाय आणि कंबर मिळून जेवढा रेटा देतात तेवढा पेलायला मूठही तशीच लागते. बॉबच्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी पायाची नव्हती, हाताच्या बारीक हाडांची होती.

जेफ्रीजशी झालेल्या या दोन पराभवांच्या मधल्या काळात, १९०० साली, त्याने बड्या धेंडांचा धुव्वा उडवला. एड डंकहोर्स्ट नावाचा मालगाडीच्या डब्याएवढा गडी दुसऱ्या राउंडला आडवा केला. ऑगस्टमध्ये आधी गस रूलिन आणि दोनच आठवड्यांनी टॉम शार्की. चार वर्षांपूर्वी अर्पने ज्याला विजयी केलं होतं तो शार्की या वेळी दुसऱ्या राउंडला गार झाला. माणूस जितका मोठा तितकाच दणक्यात पडतो, या अर्थाचं इंग्रजी वचन बॉबच्या नावावर सांगितलं जातं ते याच दिवसांमुळे.

चाळिशीतला तिसरा किताब

चाळीस वर्षांचा बॉक्सर म्हणजे त्या काळात म्हाताराच. पण १९०३ मध्ये लाइट हेवीवेट हा नवा वजनगट सुरू झाला होता आणि बॉबचं वजन त्यात बरोबर बसत होतं. २५ नोव्हेंबर १९०३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉर्ज गार्डनरला वीस राउंडांनंतर गुणांवर हरवून त्याने तिसरा किताब घेतला. मिडलवेट, हेवीवेट, लाइट हेवीवेट. असं आधी कुणी केलं नव्हतं.

पण थांबायचं कधी हे त्याला जमलं नाही. डिसेंबर १९०५ मध्ये फिलाडेल्फिया जॅक ओब्रायनने तो किताब काढून घेतला. १९०७ मध्ये चव्वेचाळीसाव्या वर्षी तो जॅक जॉन्सनसमोर उभा राहिला. हाच जॉन्सन पुढच्या वर्षी पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. दुसऱ्या राउंडला लढत संपली. १९०९ मध्ये तो ऑस्ट्रेलियात जाऊन हरला. पन्नाशी ओलांडल्यावरही, १९१४ पर्यंत, तो रिंगमध्ये उतरत होता.

पैसा आला तसा गेला. चार लग्नं झाली. नाटकांचे खेळ केले. रंगमंचावर ऐरण मांडून घोड्याचे नाल घडवून दाखवायचे आणि प्रेक्षकांना वाटायचे, हे त्याचं आवडतं काम. पाळायला त्याने सिंहही ठेवला होता. पण भट्टी शेवटपर्यंत सुटली नाही.

२२ ऑक्टोबर १९१७ रोजी शिकागोमध्ये न्यूमोनियाने तो गेला. वय ५४. शिकागोच्याच ग्रेसलँड दफनभूमीत त्याला पुरलं. ज्या टिमारूमध्ये त्याने घण हातात घेतला, तिथे आज त्याचा पुतळा उभा आहे.

तर मग लेग डे करायचा की नाही?

करायचा. बॉबच्या गोष्टीचा अर्थ पायांचा व्यायाम सोडून द्या असा नाही. उलट त्याच्याइतका पायांचा वापर फार थोड्यांनी केला. अर्थ एवढाच, की आरशात दिसणारी पोटरी आणि ठोशातली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच्यानंतरही दोन्ही प्रकारचे बॉक्सर झाले. टॉमी हर्न्स आणि डिऑन्टे वाइल्डर, दोघांचे पाय सडपातळ आणि दोघांच्याही ठोशाची जगाला धास्ती. दुसरीकडे माइक टायसनच्या मांड्या आणि मॅनी पॅकियाओच्या पोटऱ्या बघा. तेही तितकेच घातक. या चौघांत सारखं काय असेल तर जमिनीतून आलेला रेटा मुठीपर्यंत न सांडता पोहोचवण्याचं कसब.

म्हणून बॉक्सिंग शिकणाऱ्याने बैठका माराव्यात, दोरीवरच्या उड्या माराव्यात, पण त्याच्या दुप्पट वेळ पाय कसा टाकायचा, टाच कधी वळवायची आणि कंबर कधी सोडायची यावर घालवावा. आणि जिममध्ये कुणी कोंबडीचे पाय म्हणून चिडवलं तर मनाला लावून घेऊ नये. सव्वाशे वर्षांपूर्वी एका लोहाराला हेच ऐकावं लागलं होतं, आणि त्याने एक पाऊल पुढे टाकून सगळ्या जगाला उत्तर दिलं होतं.